गाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

या वेळचं पत्र चार पानी आहे, त्यामुळं मुद्द्याचं तेवढं सांगते. लिहिणारा कागलजवळच्या एका गावचा, वय २६, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात बिलं करतो, पगार १९ हजार. शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात गातो, हळदी, वाढदिवस, गणपती, जे मिळेल ते. इन्स्टावर ११ हजार माणसं, यूट्यूबवर जुन्या गाण्यांची कव्हर्स (म्हणजे दुसऱ्यांची गाणी स्वतःच्या आवाजात), आणि मित्रानं लिहिलेल्या दोन गाण्यांना स्वतः चाली लावल्यात. आता एका म्युझिक कंपनीचा फोन आलाय, ९५ हजार भर, रेकॉर्डिंग, व्हिडिओ, प्रमोशन सगळं आमचं, एक लाख व्ह्यूजची गॅरंटी. वडील म्हणालेत उसाचं बिल जमा झालं की देतो. तो विचारतोय, "मावशी, पैसे भरू का? का नोकरी सोडून सरळ मुंबईला जाऊ? सुरेश वाडकर पण कोल्हापूरचेच ना? आणि माझ्या कव्हर गाण्यांवर सारखा कॉपीराइट येतोय, चॅनल बंद पडंल का?" सोबत अॅग्रीमेंटचे फोटो जोडलेत आणि 'नाव छापू नका' असं दोनदा लिहिलंय. नाही छापत.

बाळा, पहिलं काम म्हणजे आज रात्री जेवताना वडलांना सांग, उसाचं बिल बँकेतच राहू दे.

तुझं अॅग्रीमेंट मी चष्मा लावून दोन वेळा वाचलं, तिसऱ्या पानाचा फोटो हललाय पण दुसऱ्या पानावर जे आहे तेवढ्यानंच माझं काम झालं. त्यात लिहिलंय की गाण्याचं रेकॉर्डिंग, शब्द, चाल, व्हिडिओ आणि तुझा आवाज, या सगळ्याचे हक्क जगभरासाठी आणि कायमचे कंपनीकडं. खाली बारीक अक्षरात आणखी एक, पुढची तीन वर्षं तू दुसऱ्या कुणाकडनं किंवा स्वतःहून गाणं रिलीज करायचं नाही. म्हणजे बघ हां, पैसे तुझ्या वडलांचे, गळा तुझा, चाल तुझी, शब्द मित्राचे आणि मालक ते! शेतकऱ्याच्या घरातला आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते, जमिनीचे पैसे तुम्ही मोजायचे आणि सातबाऱ्यावर नाव चढणार शेजाऱ्याचं. असा व्यवहार तुझ्या वडलांनी जमिनीत केला असता का? मग गाण्यात कशाला करायचा.

आपल्या कायद्यात जो पुढाकार आणि जबाबदारी घेऊन रेकॉर्डिंग करवून घेतो तो त्या रेकॉर्डिंगचा मालक, म्हणजे निर्माता. खरी कंपनी स्वतःचा पैसा घालते म्हणून मालकी मागते, ते एकवेळ समजू शकतंय. इथं पैसा घालणारा तू, म्हणजे निर्माता तूच ठरायला पाहिजेस, आणि ही सही करून ते सगळं तू त्यांना फुकट लिहून देणार. फुकट पण नाही, वर ९५ हजार देऊन.

आणि ती लाख व्ह्यूजची गॅरंटी. कुठलाही शहाणा माणूस व्ह्यूजची गॅरंटी देऊ शकत नाही, जो देतो तो व्ह्यूज विकत आणतो. तसले खोटे व्ह्यूज यूट्यूबला सापडले की ते कमी करून टाकतात, आणि स्पॉटिफाय या गाण्यांच्या अॅपवर खोटे स्ट्रीम्स (गाणं किती वेळा ऐकलं तो आकडा) सापडले तर पैसे तर मिळत नाहीतच, उलट गाणं खाली यायची पाळी येते. तिथं नाव तुझं खराब होणार, कंपनी तोवर दुसऱ्या गावात दुसरा पोरगा शोधत असणार.

मी एवढी तावातावानं का लिहितेय तर माझं स्वतःचं तसं झालंय. १९९७ साली मी ऑर्केस्ट्रात गायचे, एका कॅसेट कंपनीनं (नाव राहू दे) जोतिबाची आठ गाणी माझ्याकडनं एका दिवसात गाऊन घेतली, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, मधे एक वडापाव. पंधराशे रुपये हातात दिले आणि रेक्झिनच्या टेबलावर एक कागद पुढं सरकवला. मला साडेपाचची एसटी गाठायची होती, मी उभ्या उभ्या सही केली, वाचायचं डोक्यात पण आलं नाही. पंधराशे म्हणजे तेव्हा मला लै वाटले होते.

चार-पाच वर्षांपूर्वी चैत्र यात्रेला मुलीला घेऊन जोतिबाला गेले होते. खोबऱ्याच्या वाट्या आणि गुलाल विकणाऱ्या एका स्टॉलवर स्पीकर लावलेला, त्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, तरी जाळीतनं गुलाल आत जाऊन तो पार गुलाबी झालेला, आणि त्यातनं माझा आवाज येतोय. पंचविशीतला. दुसऱ्या कडव्यात एका ठिकाणी माझा श्वास तुटलाय, रेकॉर्डिंगवाल्यानं "चालतंय चालतंय" म्हणून पुढं रेटलेलं, ते सुद्धा तसंच. मी त्या पोराला विचारलं, हे गाणं कुणी म्हटलंय रे? तो सुट्टे मोजत म्हणाला, "जुनं हाय ओ मावशी, पहिल्यापासनं असंच हाय." मुलगी त्याला सांगायला निघाली होती, मी तिचा हात धरून ओढलं. घरी येऊन शोधलं तर यूट्यूबवर त्या गाण्याला लाखांनी व्ह्यूज, आणि गायिकेच्या नावाच्या जागी लिहिलंय 'पारंपरिक'. तर मी पारंपरिक आहे बरं का, मंगळवार पेठेत राहते, गुडघे दुखतात.

पैशाचं मला वाईट वाटत नाही असं नाही, पण त्या कंपनीनं निदान स्वतःचा पैसा घातला होता. नाव गेलं ते लागलं. म्हणून माझं म्हणणं सगळ्या पत्राला मिळून एकच आहे, जे गाशील त्याच्या कागदावर तुझं नाव पाहिजे, मग गाणं दहा माणसांनी ऐकू दे नाहीतर दहा लाख.

कायदा आता आमच्या वेळेपेक्षा बरा आहे, एवढं तरी माहीत असू दे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा त्याचा वाटा सही करून सुद्धा सोडून देता येत नाही, आणि व्यावसायिक वापर झाला तर गायकाला पण रॉयल्टीचा हक्क आहे, शिवाय गाणारा म्हणून नाव लागायचा हक्क आहे. आणि हे तर पाठच करून ठेव, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणूनच तुझ्या कागदावर 'जगभर' आणि 'कायमचे' हे दोन शब्द एवढे आवर्जून घातलेत, ते काय उगाच नाहीत.

तू आणि मित्र दोघं आयपीआरएसचं बघा, ही गीतकार-संगीतकारांची सोसायटी १९६९ पासून आहे, गाणं कुठं वाजलं की त्याचे पैसे गोळा करून सभासदांना वाटते. तू संगीतकार म्हणून, तो गीतकार म्हणून. गायकांची वेगळी, इस्रा, ती २०१३ ला झाली. नुसता मेंबर झालास म्हणून पाऊस पडणार नाही, पण नाव नोंदवलं नसेल तर तुझ्या वाटणीचं तुझ्यापर्यंत यायला रस्ताच नाही.

आता पैसे न भरता गाणं कसं काढायचं. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीचं काढलं त्याचा हिशेब वहीत आहे तो देते. ट्रॅक प्रोग्रॅमिंग (म्हणजे कॉम्प्युटरवर म्युझिक बांधणं) ८,०००, ढोलकी आणि बासरी लाइव्ह वाजवून घेतली त्याचे ४,०००, स्टुडिओच्या दोन शिफ्ट ३,०००, मिक्सिंग-मास्टरिंग ५,०००. झाले २० हजार. व्हिडिओ तिच्या भावानं मोबाइलवर पन्हाळ्याला काढला, पहाटे धुकं होतं ते फुकटचं मिळालं. तिनं हौसेनं ड्रोन पण सांगितला होता, तो वाऱ्यानं उडालाच नाही, ते जाऊ दे. तुझ्या ९५ हजारात अशी चार गाणी होतात आणि वर पंधरा हजार शिल्लक राहतात. चारातलं एक तरी बरं होईल ना!

त्यात कंजूषपणा कुठं करायचा नाही ते सांगते, मिक्सिंगला आणि ढोलकीला. की-बोर्डवरची ढोलकी आपल्याकडच्या माणसाला दोन मात्रांत कळते, कान लहानपणापासनं त्यातच वाढलेत. आणि प्रोग्रॅमरला पैसे दिलेस की त्याच्याकडनं एक ओळ लिहून घे की कामाचे पूर्ण पैसे मिळाले, ट्रॅकवर माझा हक्क नाही, आणि सगळे ट्रॅक वेगवेगळे करून हार्ड डिस्कवर माग. नंतर शोसाठी आवाज काढून फक्त म्युझिक पाहिजे असतंय तेव्हा ते फोन उचलत नाहीत, हा स्वानुभव. मित्राबरोबर पण आत्ताच कागद कर. शब्दाचे किती, चालीचे किती, रेकॉर्डिंगला खर्च कुणी केला, सगळं साध्या मराठीत लिहा आणि दोघांच्या सह्या. तुला वाटेल दोस्तीत कागद कशाला. भावकीतली भांडणं बघितलीयस ना, सगळी 'आपल्यात कागद कशाला' इथनंच सुरू झालेली असतात.

मग डिस्ट्रिब्युटर. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर असली कंपनी तुझं गाणं स्पॉटिफाय, जिओसावन, अॅपल, इन्स्टाच्या म्युझिकमधे सगळीकडं चढवते, मालकी तुझ्याकडंच राहते. काही वर्षाला फी घेतात, काही कमाईतनं टक्केवारी कापतात. वर्षाची फी असेल तर एक गोष्ट आधी बघून घे, फी भरायची राहिली तर गाणं खाली उतरवतात का. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरी-आकडी नंबर मिळतो तो वहीत लिहून ठेव, तो तुझ्या गाण्याचा गट नंबर समज. पुढं कधी डिस्ट्रिब्युटर बदललास तर तोच नंबर लावायचा म्हणजे आधीचे स्ट्रीम्स जात नाहीत. कलाकाराचं नाव टाकायच्या आधी सर्च मारून बघ, तुझ्या नावाचे किमान चार जण असणार, गाणं भलत्याच माणसाच्या पानावर जाऊन बसतंय. गाणं चढवताना रिलीजची तारीख तीन-चार आठवडे पुढची ठेव, स्पॉटिफायच्या आर्टिस्ट अॅपमधनं प्लेलिस्टसाठी अर्ज करता येतो पण तो रिलीजच्या आधीच, नंतर नाही.

कमाई? ती उसाच्या बिलासारखी, उशिरा आणि हप्त्या-हप्त्यानं, फरक एवढाच की इथं आंदोलन करून दर वाढत नाही. स्पॉटिफायवर तर आता गाण्याला १२ महिन्यांत हजार स्ट्रीम्स झाल्याशिवाय पैसाच सुरू होत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे यायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलेलं पाहिजे. त्या माझ्या विद्यार्थिनीला वर्षभरात ऑनलाइन मिळाले २,१४० रुपये. पण तेच गाणं ऐकून तिला अकरा सुपाऱ्या, म्हणजे कार्यक्रमाची बोलावणी, आल्या, त्यात दोन दिवाळी पहाट, आणि आता स्टेजवर सूत्रसंचालक "यांचं स्वतःचं गाणं" म्हणतो तेव्हा मानधन बोलताना तिचा आवाज बारीक होत नाही. गाणं हे तुझं व्हिजिटिंग कार्ड समज, पैसा मांडवात आहे.

कव्हरचं. तुला जो 'कॉपीराइट येतोय' त्याचा स्क्रीनशॉट मी बघितला, तो क्लेम आहे, स्ट्राइक नाही. क्लेम म्हणजे बहुतेक वेळा व्हिडिओ राहू दे पण जाहिरातीचे पैसे मूळ मालकाला, त्यानं चॅनल बंद पडत नाही. स्ट्राइक वेगळा, ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जाऊ शकतंय. तू कराओके ट्रॅक डाउनलोड करून त्यावर गातोस म्हणजे गाणं पण दुसऱ्याचं आणि ट्रॅक पण दुसऱ्याचा, मग क्लेम येणारच की. ओळख व्हायला कव्हर ठीक आहे, महिन्याला एखादं टाक, हार्मोनियमवर साधं बसून गा, पण त्यावर घर चालंल असं मनात धरू नको.

त्यापेक्षा एक सुचवते, बघ पटतंय का. तुकोबांचे, जनाबाईंचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, आपल्याकडं कवी-संगीतकार गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतो आणि त्यांना जाऊन तर साडेतीनशे-सहाशे वर्षं झाली. पण अभंगाची जी चाल तुझ्या डोक्यात वाजते ती बहुतेक विसाव्या शतकातल्या कुणा संगीतकाराची असणार, ती वापरलीस की परत क्लेम. शब्द घे आणि चाल स्वतःची लाव. गाजलेल्या अभंगाच्या वाटेला जाऊ नको, गाथेत चार हजारांवर अभंग आहेत, त्यातले आपण गातो किती? एखादा कुणी न गायलेला काढ. नवरात्रात, आषाढीला, भजनी मंडळात, सगळीकडं चालतंय, आणि दरवर्षी परत चालतंय, हळदीचं गाणं दुसऱ्या वर्षी शिळं होतं.

मुंबईचं. सुरेश वाडकरांचा जन्म कोल्हापूरचा हे खरं, पण ते लहान वयातच जियालाल वसंतांकडं शिकायला लागले आणि १९७६ ला सूर सिंगार स्पर्धा जिंकून पुढं आले, म्हणजे आधी वर्षानुवर्षं तालीम आणि मग दार उघडलं. २६ व्या वर्षी नोकरी सोडून खोलीचं भाडं भरायला जाणं आणि हे एक नाही. तुला कोल्हापूरचाच दाखला पाहिजे तर संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले यांचा घे. लहानपणापासनं दुसऱ्यांच्या नाटक कंपनीत गायले आणि १९०८ साली स्वतःची ललितकलादर्श कंपनी काढली, तेव्हा वय अठराच्या आतबाहेर. इंडिपेंडंट आर्टिस्ट म्हणजे आणखी काय असतंय? त्यांच्या नावाचं नाट्यगृह ऑगस्ट २०२४ ला जळालं तेव्हा आम्ही जुनी गाणारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडलोय, पण तो विषय काढला तर हे पत्र संपायचं नाही.

नोकरी आत्ता सोडू नको. गाण्याचा धंदा सीझनचा, दिवाळी ते अक्षय तृतीया उसंत नाही, मग आषाढ कोरडा, गणपतीत दहा दिवस धावपळ आणि लगेच पितृपक्षात फोन वाजत नाही. एक पूर्ण वर्ष हिशेब लिही, अगदी पेट्रोल आणि रिक्षासकट. ज्या वर्षी कोरडे महिने धरून सरासरी तुझ्या १९ हजारांच्या वर जाईल, त्या वर्षी मला परत पत्र लिही, मग बोलू राजीनाम्याचं. मुंबईला जायचंच तर रजा टाकून चार दिवस जा, गाणं तयार असू दे, चार माणसांना भेटून ये.

सुपारीचं थोडं. निम्मा अॅडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख देऊ नको, ओळखीचं मंडळ असेल तर जास्तच. साउंड कुणाचा, जाणं-येणं कुणाचं, किती तास, हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठव, नुसतं फोनवर "बघू की भावा" नको. कुणी टीडीएस कापला तर रिटर्न भर, नाहीतर ते पैसे तिकडंच राहतात. रात्री दहाला स्पीकर बंद होणार हे धरून गाण्यांची यादी लाव, तुझं स्वतःचं गाणं साडेनऊच्या आत गा, शेवटाला ठेवलंस तर पोलिस गाडी येते आणि तुझंच गाणं कापलं जातं.

आणि घसा. डॉल्बीच्या शेजारी उभं राहून ओरडायचं नाही, मॉनिटर (आपला आवाज आपल्यालाच ऐकवणारा स्पीकर) दिला नाही तर मागून घ्यायचा, नाही मिळाला तर कमी गा पण ताणू नको. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचा तरुणपणी गाऊन गाऊन आवाज गेला होता, मग उरलेल्या आवाजातनं त्यांनी वेगळी गायकी उभी केली आणि १८९५ पासनं शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात राहिले. ते खाँसाहेब होते म्हणून सावरले, आपण नाही सावरणार. कोल्हापुरातल्या देवल क्लबात गाण्याची बैठक असली की जाऊन मागं बस, दोन तास दुसऱ्याचं ऐकलं की आपल्या गळ्यातली घाई कमी होते. आकाशवाणीची सुगम संगीताची ऑडिशन निघाली की अर्ज कर, ग्रेड मिळाली तर पैसे थोडे पण ती ग्रेड कुणी काढून घेत नाही, आणि मंडळाच्या पत्रिकेत 'आकाशवाणी कलाकार' छापलं की वडील पत्रिका जपून ठेवतील बघ.

तुझी दोन्ही गाणी ऐकली. पहिलं सोड, त्याच्यात तू दुसऱ्या कुणासारखा गातोयस. दुसरं, ते पावसाचं, मुखडा चांगला आहे, अंतऱ्यात वर जाताना गळा आवळतो कारण ते तुझ्या पट्टीत नाही, ऑर्केस्ट्रातल्या सवयीनं काळी चारला धरलंयस. काळी दोनला घे, दोन दिवस तसंच म्हण, आणि मोबाइल ताटलीत ठेवून रेकॉर्ड करू नकोस, मागं कुकरची शिट्टी ऐकू येतेय. मग पाठव.